मोकळ्या हातानं

७ फेब्रुवारी १९८८, रविवार

काल ऑफिसातल्या चौघांनी ओढून नेलं म्हणून तो सिनेमा पाहिला. अजून डोकं तापलेलं आहे. गिरणी बंद, कामगार उपाशी, आणि त्या उपाशी कामगाराची बहीण संपाच्या मांडवात रेशमी घागरा घालून नाचते! शेवटी मालकाला पश्चात्ताप होतो, तो कामगाराच्या म्हातारीच्या पाया पडतो आणि लोक टाळ्या वाजवतात. माझ्या शेजारचा माणूस रडत होता. त्याला धरून गदागदा हलवावंसं वाटलं. बाबा रे, तुझ्या पाया कधी कुठला मालक पडलाय का?

सकाळी बसून पाक्षिकासाठी परीक्षण लिहून काढलं. संपादक आत्माराम म्हणतो, "टिपणीस, तुमच्या पेनात शाई नसते, ॲसिड असतं." असू दे. गरिबाचं दुःख विकणाऱ्यांना दुसरं काय लागतं?

संध्याकाळी कौस्तुभ रेगे घरी आला. भाईंदरला, केबिन रोडवर, माझ्या घरी! त्याचे दोन्ही लघुपट मी उचलून धरले होते. आता तो पूर्ण लांबीचा चित्रपट करतोय. ट्रॉलरवाले आणि छोटे मच्छीमार. चौक गावात चित्रीकरण करायचं म्हणतो. "ईश्वर, मला तिथल्या लोकांची भाषा हवी. त्यांच्या तोंडची वाक्यं. तू जवळ राहतोस, जाऊन बस त्यांच्यात. संवाद आपण दोघं लिहू."

पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या सिनेमांवर लिहितोय. बायकोला, सुचेताला, म्हटलं, "आता खरा सिनेमा कसा असतो ते दाखवतो." ती म्हणाली, "एव्हलिनला विचारा. ती चौकचीच आहे."

एव्हलिन म्हणजे आमच्या बिल्डिंगमध्ये मासे घेऊन येते ती. तिचा नवरा इनास दीड वर्षापूर्वी समुद्रात गेला. मला तिचं नावही धड माहीत नव्हतं, सुचेता तिच्याशी अर्धा अर्धा तास बोलत असते.

१४ फेब्रुवारी, रविवार

सकाळच्या बसने चौकला गेलो. एव्हलिनचं घर चर्चच्या मागच्या आळीत आहे. ओट्यावर बसवलं, सरबत दिलं. मुलगी टॅनिया तेरा वर्षांची, इंग्रजी शाळेत जाते, आजीकडे गेली होती. आजी इसाबेल, म्हणजे इनासची आई, चार घरं पलीकडे राहते.

ट्रॉलरबद्दल एव्हलिन रागाने बोलत होती. रात्री किनाऱ्याजवळ येतात, यांच्या जाळ्यांवरून जातात, सकाळी पाण्यावर नुसती दोरखंडं तरंगताना दिसतात. तक्रार करायला गेलं की विचारतात, कुठल्या बोटीने तोडलं, नंबर सांगा. "अंधारात नंबर वाचायला आमी काय मांजरं हाव?" मी भराभर लिहून घेतलं.

मग तिने वही बंद करायला सांगितली. म्हणाली, "भाऊ, आता सांगते ते लिवायचं न्हाय." मी वही मिटली.

त्या दिवशी सकाळी दोघांचं भांडण झालं होतं. जाळी दोनदा कापली गेलेली, घरात काही नाही, टॅनियाला ताप. समुद्र खवळलेला होता. इनास म्हणत होता आज नको. आणि ही रागाच्या भरात म्हणाली, "मोकळ्या हातानं आलास तर घरात घेनार न्हाय."

"आनि तो आलाच न्हाय," ती म्हणाली.

पदराने तोंड पुसलं. म्हणाली, "फादरला सांगितलं कबुलीत, आनि आज तुमाला. सासूला ठाव न्हाय. पोरीला तर न्हायच. पोरगी बापाच्या लय जवळची व्हती."

मी शब्द दिला, कुणाला सांगणार नाही. बसमध्ये खिडकीपाशी बसलो आणि भाईंदर येईपर्यंत ते वाक्य मनात घोळवत राहिलो. एक शब्द इकडचा तिकडे होऊ नये म्हणून.

१६ फेब्रुवारी, मंगळवार

टिपणं कौस्तुभला पोचवली. ते वाक्यही. खूप विचार केला. नाव नाही, गाव नाही, ओळख नाही. चित्रपटात ते कुठल्यातरी पात्राच्या तोंडी येईल आणि मग ते कुणा एकीचं राहणार नाही, सगळ्यांचंच होईल. कलेत हे असंच असतं. एखाद्या बाईच्या मनात कोंडून ठेवण्यासारखं ते वाक्यच नाही.

कौस्तुभने ते दोनदा मोठ्याने वाचलं. मग सिगारेट विझवून म्हणाला, "ईश्वर, इथेच सिनेमा आहे."

घरी येताना पाय जमिनीवर नव्हते. सुचेताला सांगितलं नाही. ती उगाच काहीतरी बोलली असती.

१० एप्रिल, रविवार

चौकला चित्रीकरण चालू आहे. आज कौस्तुभशी खटका उडाला. गावातल्या वीसेक बायकांना गर्दीसाठी उभं केलं होतं. रविवार, चर्चमधून आलेल्या, चांगली लुगडी, गळ्यात सोनं. वेशभूषावाल्याने सोनं उतरवायला लावलं आणि चहाच्या पाण्यात बुडवलेली फाटकी लुगडी नेसायला दिली. एक म्हातारी म्हणाली, "आमी अशा ऱ्हात न्हाय." तो म्हणाला, "पिच्चर में गरीब दिखना मांगता है, मावशी."

मी कौस्तुभला म्हटलं, हे त्या गिरणीच्या सिनेमातल्या घागऱ्याचं उलटं टोक झालं. तो म्हणाला, नंतर बोलू. नंतर कळलं की ट्रॉलरमालकाचे पाच प्रसंग आता दोनच राहिलेत. निर्मात्याचा कुणीतरी पाहुणा त्याच धंद्यात आहे. मी ओरडलो. वाळूवर सगळ्यांसमोर ओरडलो. मालकच काढलात तर त्या मच्छीमाराला मारलं कुणी, समुद्राने? कौस्तुभ शांतपणे म्हणाला, "मी वेगळा मार्ग काढलाय."

नायिकेचं काम करणारी रुचिता मुंबईची आहे. एव्हलिनकडून बोलण्याची ढब शिकतेय. एव्हलिन तिला बोंबील निवडून दाखवत होती, दोघी हसत होत्या. मला बघून एव्हलिनने हात केला. मीही केला.

१७ सप्टेंबर १९८९, रविवार

आज दुपारी कौस्तुभचा 'बिननांगर' टीव्हीवर लागला. महोत्सवांत फिरून, एक पारितोषिक घेऊन, दीड वर्षाने. मी तोवर पाहिला नव्हता. कौस्तुभने खासगी खेळाला बोलावलंच नाही. आमचा टीव्ही बिघडलेला, म्हणून शेजारच्या हंसाबेनकडे बसलो. त्यांनी सगळ्या मजल्याला बोलावलं होतं, "अपने टिपणीसभाई का पिक्चर है" म्हणून.

श्रेयनामावली आली. 'कथा, पटकथा, संवाद: कौस्तुभ रेगे.' एवढंच. 'आभार'मध्ये 'चौकचे ग्रामस्थ' आहेत, मी नाही. हंसाबेनने तोंडावरच विचारलं, "टिपणीसभाई, आपका नाम किधर गया?" माझ्या कानशिलातून वाफा निघत होत्या.

त्यानंतर पुढचा चित्रपट मी नीट पाहिलाच नाही. ट्रॉलरमालक जवळपास नाहीच. नवऱ्याला दारुडा केलंय. वेगळा मार्ग तो हाच! पिऊन पडलेला नवरा, घरात अन्न नाही, आणि मग रुचिता दारात उभी राहून म्हणते, "मोकळ्या हातानं आलास तर घरात घेणार न्हाय." हंसाबेनच्या खोलीत कुणी हललं नाही. हंसाबेनने डोळे पुसले.

माझं वाक्य. सबंध चित्रपटातलं एकमेव खरं वाक्य, आणि खाली नाव त्या चोराचं.

सुचेता मध्येच उठून घरी गेली होती. विचारलं तर म्हणाली, "ते वाक्य कुणाचं आहे?" म्हटलं, "माझं!" ती स्वयंपाकघरात निघून गेली.

१८ सप्टेंबर, सोमवार

ऑफिसात कामाला हात लावला नाही. आत्मारामच्या पाक्षिकासाठी चार पानी पत्र लिहिलं. शीर्षक दिलं, 'एका वाक्याची चोरी'. सगळं लिहिलं. १४ फेब्रुवारी १९८८ रोजी चौक येथील एका मच्छीमार विधवेने हे शब्द प्रत्यक्ष माझ्याजवळ उच्चारले, रेगे यांचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, माझ्याकडे तारखेनिशी टिपण आहे. पुरावा असला की लेखणीला धार येते. दुपारच्या सुट्टीत स्वतः नेऊन दिलं. आत्माराम खूश. "पुढच्या अंकात पहिल्या पानावर घेतो."

शोषणावर चित्रपट काढायचा आणि लेखकाचं शोषण करायचं. या लोकांना चौकात उभं करून विचारलं पाहिजे.

२१ सप्टेंबर, गुरुवार

एव्हलिन चार दिवस आलेली नाही. बाजारातून आणलेले मासे शिळे निघाले. सुचेता घरात फिरते, पण बोलत नाही. मी एकदा विचारलं, "तुझं काय बिनसलंय? नाव माझं चोरीला गेलंय." तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पेपर उघडला.

२४ सप्टेंबर, रविवार

एव्हलिन आली. टोपली नव्हती. दारातच उभी राहिली, सुचेताने ये म्हटलं तरी आत आली नाही.

म्हणाली, "भाऊ, सगल्या गावानं बगितलं. चर्चच्या हॉलमध्ये टीव्ही लावलेला. माजी सासू पुढच्या बाकावर व्हती. पोरगी तिच्या बाजूला."

मी म्हटलं, "एव्हलिन, दारूचं मी लिहिलं नाही. ते कौस्तुभने घातलं. मी स्वतः त्याच्यावर—"

"दारूचं सगल्यांना ठाव हाय, खोटं. इनास बाटलीला शिवत न्हवता. गाव त्यावर चिडलं हाय तुमच्यावर. मी त्याचं बोलत न्हाय."

मग म्हणाली, "ती नटी माज्यासारखी उबी ऱ्हायली. माज्यासारखा हात कमरेवर. आनि ते बोलली. माज्या सासूनं मागं वलून माज्याकडं बगितलं. मला न्हाय म्हनायला तोंड उगडता आलं न्हाय, भाऊ. माजं तोंड बगूनच तिला कललं."

टॅनिया त्याच संध्याकाळी दप्तर आणि कपडे घेऊन आजीकडे राहायला गेली. आईशी एक शब्द नाही. रस्त्यात दिसली तर पलीकडून जाते. इसाबेल आळीत सांगते, हिनेच माझ्या पोराला मरायला धाडलं.

मी म्हटलं, "मी जाऊन समजावतो. रागात माणूस बोलतो, त्याचा अर्थ—"

"समजवायला नको," एव्हलिन म्हणाली. "तुमी येऊन सांगा, ते तुमी लिवलं. तुमच्या डोक्यातनं. माज्या तोंडचं न्हाय."

"पण ते खोटं होईल."

ती ओरडली नाही. मी दिलेल्या शब्दाबद्दल बोलली नाही, आणि मला त्याचाच जास्त राग आला. ओरडली असती तर निदान मला काही म्हणता आलं असतं. मी पुन्हा म्हणालो की वाक्य खरं होतं म्हणूनच लोकांच्या काळजाला भिडलं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

"लाज न्हाय वाटत," ती म्हणाली. "माजी पोरगी गेली."

ती गेल्यावर सुचेता म्हणाली, "ते पत्र छापून आलं तर तुम्ही घरात राहा किंवा मी राहते." सतरा वर्षांत ती माझ्याशी असं कधीच बोलली नव्हती. तिला पत्राचं कसं कळलं? मीच कच्चा मसुदा टेबलावर ठेवला होता.

२६ सप्टेंबर, मंगळवार

कौस्तुभला ऑफिसातून फोन केला. सगळं सांगितलं, म्हटलं तू ये चौकला, तुझं नाव आहे पडद्यावर, तू सांग मी लिहिलं म्हणून. तो म्हणाला, "मी का येऊ? मला तर तूच दिलंस. मी विचारलंही नाही कुणाचं आहे." वर म्हणाला, "आणि ईश्वर, तुला नाव हवं होतं ना? घे आता."

फोन आपटला. शेजारच्या टेबलावरचे माना वर करून बघायला लागले.

दारू त्याने घातली. मालक त्याने कापला. बायकांना चिंध्या त्याने नेसवल्या. माझा वाटा फक्त सात शब्दांचा.

२७ सप्टेंबर, बुधवार

आत्मारामकडून पत्र परत आणलं. अंक जुळवून झाला होता, तो चिडला. "टिपणीस, तारीखवार पुरावा आहे म्हणालात! रेगेला घाबरलात काय?" हो म्हटलं. दुसरं काय सांगणार? प्रेसमधली दोन माणसं हसली. पंधरा वर्षं ज्या टेबलावर मी लोकांना भित्रे, दलाल, विकाऊ म्हणत आलो, तिथेच मला भित्रा म्हणाले आणि मी पत्र घडी करून खिशात घातलं. इतका संताप आला होता की गिरगावच्या नाक्यावर एका टॅक्सीवाल्याशी विनाकारण भांडलो.

१ ऑक्टोबर, रविवार

चौकला जाऊन आलो. सुचेता येते म्हणाली, मी नको म्हटलं. तरी ती आली.

इसाबेलच्या घरी प्रार्थनेहून परतलेली माणसं होती. शेजारपाजारचे दहा-बारा जण आत आले, बाकीचे ओट्यावर. एव्हलिन आत आली नाही, समोर रस्त्याच्या कडेला उभी राहिली. मी बोलायला सुरुवात केली. की मी लेखक. की तो चित्रपट मी लिहायला मदत केली. की ते वाक्य माझं आहे. एव्हलिनने मला फक्त ट्रॉलरबद्दल सांगितलं. बाकी मी रचलं.

इसाबेल सत्तरीची, ताठ बसलेली. म्हणाली, "माजा पोरगा दारू पीत न्हवता."

"नव्हता पीत. तेही मीच लिहिलं."

हे बोलायला मला कुणी सांगितलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. निघाल्यावर वाटलं, का? ते पाप माझं नाही. पण परत घेता आलं नाही.

"तुमाला आई हाय?" तिने विचारलं.

"नाही. वारली."

"बरं झालं," इसाबेल म्हणाली.

टॅनिया आजीच्या मागे उभी होती. आता पंधराची. शुद्ध, शाळेतलं मराठी बोलली. "तुम्ही माझ्या पप्पांना कधी भेटला होतात?"

"नाही."

"मग असं का लिहिलंत?"

मी म्हटलं, गोष्टीत असं लिहावं लागतं, बघणाऱ्याला हलवायला. ती म्हणाली, "दुसऱ्याच्या पप्पांना मारून?" मग ती भिंतीवरचा छोटा लाकडी क्रूस काढून घेऊन आली. "यावर हात ठेवून सांगा. मम्मी तसं बोलली नव्हती."

मी देव मानत नाही. पण खोटं बोलायचं नाही हे मी आयुष्यभर मानलंय, त्यावरच तर मी लोकांना झोडपत आलो. क्रूसावर हात ठेवला आणि म्हणालो, "नाही. तुझी आई तसं कधीच बोलली नाही."

कुणीतरी मागून शिवी दिली. एकाने कॉलर धरली, दुसऱ्याने सोडवलं. इसाबेल म्हणाली, "जाव. परत या गावात पाय टाकू नको." मी बाहेर पडलो तेव्हा टॅनिया ओट्याच्या पायरीवर उभी राहून रस्त्याकडे, आईकडे बघत होती. धावत वगैरे गेली नाही. नुसती बघत होती.

एव्हलिन आमच्याबरोबर बसथांब्यापर्यंत आली. मला वाटलं, आभार मानेल. ती म्हणाली, "फादरला सांगितलं व्हतं, तुमाला सांगितलं व्हतं. कधीतरी पोरगी मोटी झाली की तिलाबी सांगनार व्हते. आता मेल्याशिवाय कोनाला सांगता येनार न्हाय."

सुचेताने तिचा हात धरला. मी बसचा नंबर बघत होतो.

बसमध्ये मात्र माझा पारा चढला. एका बाईच्या तोंडचं खरं मी सगळ्या गावासमोर खोटं ठरवून आलो, आणि माझी बायको म्हणते, "आज पहिल्यांदा काहीतरी धड केलंत." हा काय न्याय आहे?

६ ऑक्टोबर, शुक्रवार

एव्हलिन बिल्डिंगमध्ये आली होती, सुचेताने सांगितलं. आमच्याकडे मासे दिले नाहीत, पण जिन्यात थांबून बोलली. टॅनिया घरी परत आली. अजून मोजकंच बोलते, पण जेवायला आईजवळ बसते.

बरं झालं, मी म्हटलं. मग दिवसभर चिडचिड होत राहिली. कशाची ते कळलं नाही.

१५ ऑक्टोबर, रविवार

मीरा रोडला, पूनम सागरमधल्या हॉलमध्ये 'बिननांगर'वर चर्चा होती. विषय, 'समांतर चित्रपट आणि सामाजिक वास्तव'. जायचं नव्हतं, पण निमंत्रणपत्रिकेत माझं नाव छापलं होतं. चर्चेत सहभाग म्हणून. कौस्तुभ मंचावर, मी पहिल्या रांगेत.

प्रमुख वक्ते एक निवृत्त प्राध्यापक. त्यांनी मालकाबद्दल विचारलं, दारूबद्दल विचारलं. प्रश्न अगदी माझे, मी एप्रिलात वाळूवर ओरडून विचारलेले. कौस्तुभ गोलगोल उत्तरं देत होता. मला आनंद होत होता, खोटं कशाला लिहू. मग प्राध्यापक म्हणाले, "आणि सगळ्यात फसलेली जागा म्हणजे ते गाजलेलं वाक्य. मोकळ्या हातानं आलास तर वगैरे. अहो, कोळ्याची बाई, समोर समुद्र खवळलेला, ती नवऱ्याला असं बोलेल? ही त्या लोकांना जवळून न पाहिलेल्या माणसाने टेबलाशी बसून केलेली कारागिरी आहे. मध्यमवर्गीय लेखकाला गरिबाच्या घरात नाट्य हवं असतं, म्हणून तो अशी वाक्यं पाडतो."

टाळ्या पडल्या.

कौस्तुभने माइक ओढला. हसत म्हणाला, "याचं श्रेय माझं नाही. ते वाक्य ईश्वर टिपणीसांचं आहे. ते इथे बसलेत."

सगळा हॉल माझ्याकडे वळला. कुणीतरी दुसरा माइक हातात दिला. प्राध्यापक जरा ओशाळले, पण हटले नाहीत. "टिपणीस, तुमची परीक्षणं मी वाचतो. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. तुम्हीच सांगा, हे वाक्य आणलंत कुठून? खरंच कुणी बोललं होतं का?"

तारीख माझ्या जिभेवर होती. ओटा, सरबत, मिटलेली वही, सगळं. त्या माणसाला एका वाक्यात गप्प बसवता आलं असतं. सुचेता मागे कुठेतरी बसली होती, मी वळून पाहिलं नाही.

"नाही," मी म्हणालो. "मलाच सुचलं."

"वाटलंच," प्राध्यापक म्हणाले, आणि हॉल हसला. मी माइक परत दिला आणि खाली बसलो.